पहिला हात

जिजी आपल्या गावाबद्दल बोलताना 'होतं' म्हणत नसे. गाव धरणात बुडालेलं. पण कुणी चुकून म्हटलं, "जिजी, तुमचं गाव चांगलं होतं," की ती तिथेच अडवायची. "होतं नाही बे, हाये. पाण्याखाली हाये, एवढंच."

ते गाव उठलं आणि साखरखेर्ड्याच्या रस्त्याला, आमच्या गावाला लागून, पत्र्याच्या घरांत येऊन राहिलं. तेव्हा मी सरपंच होतो. आमचे लोक त्यांना 'धरणवाले' म्हणत, नळावर त्यांच्या बायकांच्या घागरी मागे सारत. त्या बायका दारं लावून बसू लागल्या. जिजीने एकेक दार वाजवून त्यांना बाहेर काढलं आणि कुरडयांचा गट उभा केला. "घरात एकेकटं रडा लागते. इथं येऊन रडा, हात तरी चालतीन."

गटात तिचा एक रिवाज होता. गहू भिजत घालताना पहिला हात त्या बाईचा, जिचं वर्ष सगळ्यांत वाईट गेलं. एका उन्हाळ्यात तो मान रेखाकडे आला. तिचा नवरा नुकताच वारला होता. सासरा तिला माहेरी धाडायला टपला होता, आणि या कामामुळेच ती घरात टिकून होती.

कुरडयांच्या गव्हाचं पाणी रोज बदलावं लागतं. आमच्या गावात मात्र तेव्हा कुरकुर सुरू होती, की धरणवाल्या सगळं पाणी पितात. निवडणूक तोंडावर होती. मी वसाहतीचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला.

जिजी दारात आली. "भाऊ, गव्हाचं पाणी बदलाचं हाये. घंटाभर तरी सोडा."

"मोटर जळाली," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ती गेली.

गहू नासला. वास वसाहतभर पसरला. सासऱ्याला तेवढंच हवं होतं. त्याने माणसं जमवली. "इले कावळा शिवला होता. विटाळाचा हात घातला गव्हात. उद्याच माहेरी जाईन हे." रेखा भिंतीला चिकटून उभी होती. गटातल्या बायकासुद्धा गप्प. सरपंच म्हणून मी समोर खुर्चीवर होतो. एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं.

जिजी पुढे झाली. "कावळा मले शिवला होता. म्याच ढवळला गहू."

साठी उलटलेली बाई. कुणीतरी हसलं, "जिजी, या वयात?"

"कावळ्याले वय कळते का बे?"

सगळी माणसं हसली. हसता हसताच पांगली. सासऱ्यालाही घरी जावं लागलं. रेखा राहिली.

जाताना जिजी माझ्या खुर्चीशी थांबली. हळूच म्हणाली, "भाऊ, तुमची जळाली मोटर लय गोड वाजते. रातभर आइकली म्या."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमाले उघडं पाडून मले काय भेटते? उद्या पुन्हा पाणी तुमालेच मांगा लागीन. तुमी सांगसान तवा सांगसान."

मी सांगितलं नाही. व्हॉल्व्ह तेवढा त्याच संध्याकाळी उघडला. जिजीने पुन्हा कधी विषय काढला नाही. भेटली की पाण्याची चौकशी करायची, मोटरची नाही.

यंदाच्या थंडीत जिजी गेली. आता गट रेखा चालवते, पण भिजल्या गव्हाला शिवत नाही. "माह्या हातानं नासते," म्हणते. जिजीने वाचवलं खरं, पण रेखाच्या मनातला विटाळ तिलाही धुता आला नाही.

परवा गहू भिजत घालायला बायका जमल्या. जिजी गेल्याचा घाव सगळ्यांत खोल तिलाच, म्हणून यंदा पहिला हात रेखाचाच, असं सगळ्या म्हणाल्या. ती मागे सरकली. मी ओट्यावर बसलो होतो. उठलो आणि सगळ्यांदेखत सांगितलं. मोटर जळाली नव्हती. पाणी मी तोडलं होतं. पाणी न बदलल्यानं गहू नासला.

रेखा माझ्याकडे वळली.

"जिजीले माहीत होतं?"

"होतं."

तिने पदर खोचला, बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात गव्हात घातला. मग मान वर न करता म्हणाली, "उद्या पाणी बदलाचं हाये, भाऊ. सकाळी या. बादल्या तुमी उचलसान."