बाईंनी खाट बाहेर काढली

गावाहून परत आलं की बाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणायच्या, "आधी मी सांगते. आज मी भ्याले." मग कुठं, कशाला, ते सगळं सांगायच्या. चहा त्यानंतर.

तुम्ही कधी साहेब माणसाला असं बोलताना ऐकलंय? मी न्हाई. लातूरच्या परिविक्षा ऑफिसात बाई अधिकारी, मी शिपाई. कोर्टानं जेलात न टाकता हमीवर सोडलेली माणसं आमच्याकडं यायची. त्यांच्या घरी जाऊन विचारपूस करायची, हे बाईंचं काम. सोबतीला मी. कुणी पिऊन पडलेला, कुणाच्या उशाला कोयता. आधी कुणी भ्यालो म्हटलं की ऑफिस खिदळायचं. बाई आल्या अन् ते बंद झालं. कुणी भ्यालं, तर पुढच्या खेपेला सोबत आणखी एकजण जायचा.

तरी माझं मी सांगत नव्हतो. भूकंपात माझी बायको घराच्या माळवदाखाली दबून गेली. तवापासून दगडी घरात पाय ठेवला की छाती दाबून यायची. शेवटी एकदा चहाला बोलून टाकलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत मामा. उद्यापासून आपण सगळेच बाहेर बसू."

वरचे साहेब तपासणीला आले, ऐकून भडकले. "घरात न शिरणारा शिपाई कशाला पोसता? काढा त्याला!"

"काढा की. आधी माझ्यासंगं एका गावाला चला," बाई म्हणाल्या.

चाकूरकडच्या गावात बाईंनी स्वतः खाट ओढून लिंबाखाली टाकली. भावाचं डोकं फोडलेला गडी. घरात भावकीच्या घोळक्यात व्हय-न्हाईपलीकडं कधी बोलला नव्हता. झाडाखाली भावकीपासून लांब, आमच्यापुढं एकटा बसला अन् म्हणाला, "बाई, भाऊ दिसला की अजून हात शिवशिवतात. मला लांब कुठं कामाला लावा." अन् लई रडला.

येताना जीपमध्ये साहेब खाकरले. "मामांना राहू द्या. अन् ही बाहेरची बैठक बाकीच्या ऑफिसांनाबी सांगा."

बाई गालात हसल्या. मी तर साहेबासमोर खदखदून हसलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

बाई वारल्या तेव्हा गेलो. त्यांच्या घरावर आता क्लासला येणाऱ्या पोरांच्या भाड्याच्या खोल्यांचे तीन मजले चढलेत. मी सरळ आत शिरलो, त्यांच्या पायाशी बसलो. ऑफिसातला एकजण कानाशी लागला, "मामा, बाहेर खुर्ची टाकू का?"

"नको," म्हटलं. "इथं बरं हाय."