बारी लागली, पण मोटर बंदच

मंडळी, आज बसल्या जागी लई दमलोय.

पिंपरी पेंढारला आमची विहीर सामाईक. माझे चुलते तात्या आणि चुलतभाऊ बाळूदादा बारीबारीनं कांद्याला पाणी भरतात. एकाचं झालं की तो बांधावरून दुसऱ्याला हाक मारतो. मी शहाणा, त्या हाकेच्या जागी पायथनमध्ये वेबपेज बनवलं. ज्याला पाणी भरायचंय त्यानं बटण दाबलं की सर्व्हरवर बारीची नोंद होणार, तिकडून जावास्क्रिप्टचा कोड परत येणार आणि 'तुमची बारी लागली' असं दिसणार.

आज पहिलाच दिवस. तात्यांनी बटण दाबलं. नोंद झाली, पण परत आलेला कोड चाललाच नाही, जसाच्या तसा स्क्रीनवर छापला गेला. तात्यांना वाटलं, बारी मिळाली नाही. दादाच्या मोबाईलवर मात्र तात्यांचं नाव नीट दिसत होतं. दोघंही घरी वाट बघत बसले. मोटर बंद. शेतीला ठरल्या वेळेपुरती मिळणारी दिवसाची लाईट आली तशी गेली, कांदा कोरडाच.

दुपारभर तेच निस्तरत होतो. आता सर्व्हर फक्त बारी कोणाची ते कळवतो, मेसेज पेज स्वतः दाखवतं. एवढं आधीच करायला काय झालं व्हतं मला?

तात्यांना फोन केला. "तात्या, झालं बघा नीट."

"झालं आसंल राव. पण उद्या तू बांधावर उभा ऱ्हा."

"कशाला?"

"बटण दाबलं की हाक मारायला."

उद्या जातोय. तुमच्यापैकी अजून कोण कोण स्वतःच्याच ॲपच्या हाताखाली कामाला आहे?