मागे राहिलेला वाघ्या

आमचा वारल्यांचा पाडा जागा सोडतो तेव्हा वाघ्याला मागे ठेवतो. वाघ्या म्हणजे वाघ कोरलेली लाकडी फळी, देवाची. नव्या जागी नवा वाघ्या बसतो, पण दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला जुन्यालाही नारळ जातो. जव्हारकडच्या जंगलात आमचे असे दोन जुने वाघ्ये, आणि तिसऱ्यापाशी आम्ही राहायचो.

बाई ठाण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. माझ्या बाबाच्या मागून त्या दोन्ही जुन्या वाघ्यांपर्यंत चालल्या, म्हाताऱ्यांची गाणी टेप केली, मग सरकारी दप्तरातून जुने नकाशे काढले. एका नकाशात पाडा पहिल्या वाघ्यापाशी, दुसऱ्यात दुसऱ्यापाशी. आम्ही याच जंगलातले, हे नकाशाने आणि फळीने मिळून सांगितलं. मी चौथीतून शाळा सोडलेली. बाईंनीच त्यांच्या मावसभावाला सांगून मला मानपाड्याला रंगाच्या कंपनीत चिकटवलं. तो तिथे सुपरवायझर. दिव्याला खोली घेतली, दोन वेळा पोटभर जेवायला लागलो. हे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

मग जंगलखातं म्हणालं, जुन्या नकाशात या जागी पाडाच नाही, तुम्ही मागून घुसलेले. जमीन सोडा. ठाण्याला सुनावणी लागली. बाईंनी येऊन दोन शब्द बोलावेत म्हणून मी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलेलो. त्यांनी चहा दिला.

"अरे, मी अभ्यास करणारी. एकदा बाजू घेतली की माझं लिहिलेलं कोण खरं मानणार?"

मी बरं म्हटलं, कप विसळून ठेवला आणि निघालो.

सुनावणीत बाबाने वाघ्यांचं सांगितलं. साहेब म्हणाला, मग वाघालाच आण साक्षीला. सगळे हसले. पावसाआधी पाडा डांबरी रस्त्याच्या कडेला आला.

त्या वाघबारसेला बाई कॅमेरा घेऊन आल्या. नुकताच सुटलेला पाडा त्यांना बघायचा होता. मी रजा टाकून त्यांची बॅग उचलून पुढे चाललेलो. तिसऱ्या वाघ्यासमोर त्यांनी बाबाला विचारलं, "पाडा का हलला? मला माहीत आहे हो, पण तुमच्या तोंडून हवं."

बाबाने माझ्याकडे पाहिलं. सुपरवायझर कोणाचा कोण, ते त्याला ठाऊक होतं.

"पानी आटला," तो म्हणाला.

खालून ओहोळाचा आवाज येत होता. बाईंनी तसं लिहून घेतलं.