दिनूचे पाय आणि पाचशे सीसी

गॅरेजात किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते जुन्या चेनींसारखे खिळ्याला लटकत जातात, आणि एखाद्या दुपारी हाताला काम लागेनासं झालं की एकेक खाली उतरतो. परळच्या आमच्या गॅरेजात अशा दुपारी हल्ली फार येतात. कुठे संयुक्त महाराष्ट्राची सभा असली की आमचा दिनू कर्णिक तिथल्या बातमीची पिशवी मोटरसायकलवरून गिरगावच्या छापखान्यात पोचवतो. तो परत येईपर्यंत गॅरेजचे मालक भाई सावंत आणि मी बोलत राहतो. गप्प बसलं की रस्त्यावरचा प्रत्येक आवाज त्याच्या गाडीचा वाटतो, आणि मग तो नसतो.

मी परदेशी इंजिनिअरिंग शिकून आलो, म्हणून इथे माझं नाव 'विलायत'.

*

दिनूची गाडी लष्कराच्या लिलावातली, पाचशे सीसीची. सहा फुटी गोऱ्या शिपायाच्या मापाची. दिनू जेमतेम पाच फूट. सीटवर बसला की दोन्ही पाय हवेत. गाडी चालती आहे तोवर काळजी नाही. टाकीवर ओणवा होतो, गुडघ्यांनी तिला आवळतो आणि नुसती कंबर हलवून अशी वळवतो की बघणाऱ्यानं श्वास रोखावा. पण थांबायचं तर फूटपाथची कड हवी, नाहीतर भिंत, नाहीतर माणूस.

एकदा हिंदमाताला ट्रॅम थांबली, म्हणून यालाही थांबावं लागलं. जवळ काहीच नव्हतं. यानं सरळ ट्रॅमच्या पायरीवर पाय टेकला.

कंडक्टर म्हणाला, "तिकीट?"

"एकच पाय आत आहे," दिनू म्हणाला.

कंडक्टरनं जरा विचार केला. "मग अर्धं काढ."

*

ठाकूरद्वारला मात्र हसण्यासारखं काही झालं नाही. मोर्चा मागे फिरला होता, फूटपाथ माणसांनी भरलेला. दिनूला कड सापडली नाही. गाडी आडवी, पाय खाली, पोटरीला तापलेला सायलेन्सर. पिशवी उशिरा पोचली.

छापखान्याचे मॅनेजर एवढंच म्हणाले, "कर्णिक, पुन्हा पडलात तर पिशवी आपला दुसरा गाडीवाला पेडणेकर नेईल. त्याचे पाय जमिनीला लागतात."

त्या दिवशी पोटरीला बर्नोल चोपडून घेताना दिनू बोलून गेला, "मला भाषण जमत नाही रे, विलायत. घोषणा द्यायला गेलो तर आवाज फुटतो. ही पिशवी नेतो, तेवढंच माझ्या हातून महाराष्ट्राला. ती पण गेली तर मी नुसता टाळ्या वाजवायला उरलो."

 भाईंनी दिवसभर एकच नट पुसला.

*

दुसऱ्या दिवशी दिनूची आई गॅरेजात आली. प्रभादेवीहून चालत. खुर्ची दिली तर बसली नाही.

"तू शिकून आलायस ना," मला म्हणाली. "मग त्याला उंच कर, नाहीतर गाडी बुटकी कर. मला दोन्ही चालेल."

मी पेटलोच. भाईंना म्हटलं, "आपली माणसं परक्याच्या मापाच्या सीटवर किती दिवस लोंबकळणार? आपल्या मापाची गाडी आपल्या मुंबईत बनली पाहिजे."

भाई म्हणाले, "आधी मुंबई मिळू दे रे मेल्या, मग माप घे."

तरी मी सीटखालच्या स्प्रिंगा काढल्या, सीट थेट सांगाड्यावर, जरा मागे बसवली. दिनूचे पाय जमिनीला लागले. त्यानं दोनतीनदा टेकवून बघितले, लहान मूल पाण्यात पाय घालून बघतं तसे. मी कागदावर गुरुत्वमध्य काढून भाईंना दाखवला. भाईंनी कागद मान हलवत बघितला, उलटा.

दिनू लालबागपर्यंत चक्कर मारायला गेला आणि ढकलत परत आला. सीट खाली आणि मागे गेल्यामुळे त्याचं वजन मागच्या चाकावर पडत होतं. हात वर, हँडलला लोंबल्यासारखे. पुढचं चाक हलकं होऊन ट्रॅमच्या रुळांवर थरथरायला लागलं. गाडी वळवायला गेला तर ती सरळ केळीवाल्याकडे.

"विलायत," दिनू म्हणाला, "आता थांबता येतं. जाता येत नाही."

स्प्रिंगा परत बसवल्या.

*

मग भाईंनी उपाय काढला. चांभाराकडून दिनूच्या बुटांना चांगला जाड तळ ठोकून घेतला. पाय पोचले की! पण तो बूट गिअरच्या दांडीखाली शिरेना. दिनू गिरगाव ते परळ दुसऱ्या गिअरमध्ये आला. गाडी तापलेली, दिनू गाडीपेक्षा.

"पुढे मोकळा रस्ता होता भाई, मागे पोलिसांची गाडी होती, आणि मी बैलगाडीसारखा."

"मग पकडलं नाही?"

"ओव्हरटेक करून गेले. म्हणाले, बाजूला हो."

*

बसण्याचा विषय निघालाच आहे तर भाईंचंही सांगतो. वहिनी त्यांच्या मागे एकांगी बसतात, दोन्ही पाय डावीकडे. गाडी डावीकडे ओढते, म्हणून भाई उजवीकडे झुकून चालवतात. इतकी वर्षं झाली की एकटे असले तरी तसेच झुकलेले. मी त्यांना म्हटलं, "भाई, आज वहिनी मागे नाहीत. सरळ बसा."

"सवय मोडूची नाय," भाई म्हणाले. "नायतर ज्या दिवशी ती बसात, त्या दिवशी पडात."

*

आता परवाचं.

परळ नाक्यावर लाठीमार सुरू झाला तेव्हा दिनू पिशवी घेऊन मधोमध सापडला. पुढे पोलीस, मागे धावणारी माणसं, फूटपाथ कुठे दिसेना. गाडी कलायला लागली. समोर एक जमादार लाठी उगारून आला.

दिनू म्हणाला, "साहेब, जरा धरा."

जमादारांनी लाठी काखेत मारली आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. दिनू उतरला, पिशवी काढली आणि गल्लीत शिरला. जमादार ओरडायला लागले. पण सोडली तर गाडी त्यांच्याच पायावर पडणार. दोन शिपाई मदतीला आले, त्यांनाही स्टँड सापडेना. भाईंनी हे गॅरेजच्या दारातून बघितलं. तीन-तीन पोलीस आणि एक मोटरसायकल.

पिशवी चालत गिरगावला पोचली. संध्याकाळी आम्ही तिघं गाडी मागायला चौकीवर गेलो. दिनूनं घरी निरोप ठेवला होता की रात्री जेवायला थांबू नका. भाईंनी जामिनासाठी कोट घातला होता. 

गाडी अंगणाच्या मधोमध उभी होती.

जमादार बाहेर आले. "कोणाची?"

"माझी," दिनू म्हणाला. आवाज फुटला.

जमादारांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग सीटकडे बघितलं. "पिशवीत काय होतं?"

"सभेची बातमी."

"छापली?"

"उद्या सकाळी येईल."

जमादारांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "चढून दाखव."

दिनूनं आजूबाजूला बघितलं. सपाट अंगण. कड नाही, भिंत लांब. भाई पुढे व्हायला लागले तर जमादारांनी हातानं थांबवलं. त्यांनी स्वतः गाडी स्टँडवरून उतरवली, हँडल पोटाशी धरलं आणि शिपायांना खूण केली. दोघांनी एक लाठी दोन टोकांना धरली आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर आडवी केली.

"ठेव पाय," जमादार म्हणाले. "आणि वाटेत थांबू नकोस कुठे."