तालाच्या मागून येणारी

नशिराबादच्या भीमजयंतीत आमच्या गायन पार्टीचे मालक नानांनी मला भर कार्यक्रमात माइकवरून उठवलं. "घसा आहे का फुटकं मडकं? आणि तालाच्या मागे काय रेंगाळतेस?" लोक फिदीफिदी हसले. तेव्हाच ठरवलं, नानांना मी सोडणार नाही.

अहो, मी रेंगाळत नव्हते! माझे वडील भुसावळला रेल्वेत. तिथल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने देश सोडताना त्यांना एक कॅसेट दिली. अमेरिकेतली काळी बाई, जॅझ गाणारी. आवाज जाडाभरडा. वाजंत्री पुढे निघून जायचे, ही मागून निवांत यायची आणि शेवटच्या शब्दावर त्यांना बरोब्बर गाठायची. ड्रायव्हर सांगायचा, मोठमोठ्या हॉटेलांत ती गायची, पण काळी म्हणून आत शिरायची मागच्या दाराने. पुढे तिच्यासाठी तिकिटांना रांगा लागल्या.

ओळीअखेर ती 'शेम' म्हणायची आणि म गिळून टाकायची. शेम म्हणजे लाज, हे आम्हाला काय ठाऊक? आम्हाला ऐकू यायचं 'शे', म्हणजे अहिराणीतलं 'आहे'. आई भडगावची, अहिराणी बोलणारी. चुलीपुढून ओरडली, "हाई बाई ते आपलीच शे!" मग मीही आमच्या गाण्यातला 'शे' तसाच मागून आणायला शिकले.

काही वर्षांनी मी स्वतःची पार्टी काढली. धुळ्यात मुकाबला ठरला. समोरासमोर दोन स्टेज, पलीकडे नाना. त्यांनी आधी गाऊन टाळ्या घेतल्या. मी ओळ धरली, "पाटी मन्हा हातमा..." आणि थांबले. ढोलकी पुढे गेली. नाना माइकवर ओरडले, "चुकली, चुकली!" तेवढ्यात मी 'शे' सोडला. अख्खा मांडव उठला. "अक्का, आखो एकदाव!"

नानांना राहवेना. मला खाली पाडायला तेही तसंच गायला गेले आणि आपटले. त्यांच्याच ढोलकीवाल्याने हात थांबवला. लोकांनी शिट्ट्यांनी त्यांची पार रेवडी उडवली. उपरण्यात तोंड लपवून ते खाली बसले.

कमिटीतले एक आबा माझ्याकडे धावत आले. "अक्का, आवर आता. म्हातारा रडतोय."

मला दया आली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. नाही आली. ढोलकीवाल्याला म्हटलं, "लय वाढव," आणि तेच गाणं पहिल्यापासून धरलं.