बाळंतपणात तुटलेला स्नायू

"थर्ड डिग्री टेअर होता तुमचा," डॉक्टर मॅडम हात धुता धुता म्हणाल्या. "बाळ बाहेर येताना जागा मागे संडासच्या वाटेपर्यंत फाटली. वरची कातडी शिवलीय, पण आतला स्नायू कुणी शिवलाच नाही."

नांदेडच्या सरकारी दवाखान्यातल्या तपासणीच्या टेबलावर मी पडले होते. त्या स्नायूला स्फिंक्टर म्हणतात. गुदद्वाराभोवती तो गोल असतो. पोत्याच्या तोंडाला सुतळी बांधतो तसं त्याचं काम. माझी सुतळी तुटली होती, म्हणून वारा थांबत नव्हता आणि पातळ शी तर अजिबातच थांबत नव्हती.

मी तिथेच रडले. मॅडमना वाटलं घाबरले. खरं तर मला हायसं वाटलं होतं. इतके महिने मी स्वतःलाच घाणेरडी समजत होते.

हे लिहितेय ते बाळंत होऊन घरी आलेल्या आणि कुणालाच काही न सांगणाऱ्या बायकांसाठी. मी एका खाजगी शाळेत गणित शिकवते, तेव्हा जे झालं ते क्रमाने सांगते.

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. माझं माहेर देवणी तालुक्यात. कळा सुरू झाल्यावर आई मला लातूर जिल्ह्यातल्याच एका सरकारी रुग्णालयात घेऊन गेली. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तसलं ते एकटंच आहे असा माझा गैरसमज नाही. नवरा संतोष नांदेडला होता. आईला दारातच थांबवलं.

आत ओळीने टेबलं होती, मध्ये पडदा नव्हता. शेजारच्या टेबलावरची बाई ओरडली की तिला शिवी मिळायची, म्हणून मी दात आवळून पडले होते. पण कळ काही दातांचं ऐकत नाही. माझ्या तोंडून आवाज निघाला आणि सिस्टरने मांडीवर फाडकन चापट मारली. "नवऱ्यापाशी जाताना रडली नाहीस, आता कशाला बोंबलतीस? जोर लाव."

मी जोर लावत होते, तो तिला पुरेसा वाटेना. मग तिथली मावशी स्टुलावर चढली आणि तिने दोन्ही हातांनी माझं पोट वरून खाली दाबलं, सगळं वजन टाकून. याला फंडल प्रेशर म्हणतात आणि असं दाबायचं नसतं, हे मला फार नंतर कळलं. मग कातरी लागली. वाट मोठी करायला जो काप देतात त्याला एपिझिओटॉमी म्हणतात. तो देण्याआधी जागा बधिर करतात, हेही नंतरच कळलं. माझ्यावर तो न सांगता, न बधिर करता झाला. पोरगी झाली. टाके घालताना मी पाय हलवला म्हणून आणखी एक चापट पडली.

त्या सिस्टरकडे त्या दिवशी फार बायका होत्या. ती दमलेली होती, सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नसावी. हे मी कबूल करते. पण माझाही वर्ग भरगच्च असतो, मीही दमते. एका पोराला मी चापट मारली तर दुसऱ्या दिवशी मला नोटीस येईल. शाळेतल्या पोराला जी सुरक्षा आहे ती टेबलावरच्या बाईला का नाही, हा प्रश्न मला तिथे पडल्या पडल्याच पडला होता. विचारायची ताकद नव्हती.

घरी निघताना आईने त्याच सिस्टरची ओटी भरली. खण, नारळ, पेढे. मी वाटेत म्हणाले, "आई, तिनं मला मारलं." आई म्हणाली, "बाळंतपणात कुणी काय केलं ते मनावर घ्यायचं नसतंय बाई. लेकरू हाती आलं, बास."

मग बाज. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना खोलीबाहेर येत नाही. बाजेखाली शेगडी, सकाळ-संध्याकाळ शेक, ओवा आणि वावडिंगाची धुरी. मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं की काहीतरी थांबत नाहीये. आईला सांगितलं. तिने निदान केलं, "अंग सैल झालंय, शेक कमी पडायलाय." मग निखारे वाढले. धुरीचा वास इतका दाट असायचा की खोलीत दुसरा कुठला वास कुणाला आलाच नाही. मलासुद्धा पुरता आला नाही. फडकी बाळाचीच म्हणून धुतली जायची. आईने मला जिवापाड जपलं, आणि त्या जपण्यातच माझा आजार झाकून गेला.

तो उघडा पडला एसटीत. सव्वा महिना झाला आणि उदगीरहून नांदेडच्या बसमध्ये बसले. रस्ता कसा आहे ते त्या बाजूच्यांना माहीत आहे. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि झालं. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावून खिडकी सरकवली. "लेकराला पुसा बाई," ती म्हणाली. मी कोरडी ठणठणीत पोरगी उगाच पुसत बसले. पोरीने माझ्यासाठी अंगावर घेतलेला तो पहिला आळ.

नांदेडला आल्यावर मी माणसांतून उठले. शाळेतून रजा वाढवली. लग्नाला नाही, हळदीकुंकवाला नाही. विष्णुपुरी धरणावर शाळेतल्या बाया फिरायला गेल्या, मला बोलावलं, मी पोरीच्या तापाचं कारण दिलं. त्या वर्षी माझ्या पोरीला कागदोपत्री फार ताप आले. संतोषला आधी राग आला, मग त्याने एक दिवस सरळ विचारलं, "तू माझ्यापासून लांब काहून झोपतीस?" मी सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या दवाखान्यात जाऊ." एवढं सोपं वाक्य मला स्वतःला सुचलं नव्हतं.

तपासण्या झाल्या. एंडोअनल सोनोग्राफी म्हणजे बोटाएवढी नळी मागच्या वाटेने घालून स्नायूचं चित्र घेतात. दुखत नाही, लाज वाटते. चित्रात स्नायूचा गोल पुरा नव्हता, एका बाजूने उघडा होता. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून मला दाखवलं. प्रत्येक वेळी तपासण्याआधी त्या म्हणायच्या, "आता हात लावते, चालेल?" पहिल्यांदा मला कळेनाच की त्या कुणाला विचारतायत.

ऑपरेशनला स्फिंक्टर रिपेअर म्हणतात. तुटलेली दोन टोकं शोधून एकमेकांवर आणून शिवतात. नंतर काही आठवडे पातळ खाणं, जोर लागू नये म्हणून औषध, आणि कोमट पाण्यात बसणं. पहिल्यांदा संडासला जायची इतकी भीती वाटली की मी दार लावून नुसतीच उभी राहिले. मग फिजिओथेरपीच्या ताईंनी स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला. तो मी अजून करते, फळ्यावर लिहिता लिहितासुद्धा. पोरांना कळत नाही.

पूर्ण बरी झाले का? बरीचशी. वारा कधीकधी अजून दगा देतो. मॅडमनी बजावलंय की पुढचं बाळंतपण झालंच तर सिझेरियन. पण मी वर्गात उभी राहते, एसटीने जाते. हे सगळं सरकारी दवाखान्यातच झालं, तेव्हा सरकारी म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी थोडं थांबावं. बाळंतपणानंतर वारा किंवा शी थांबत नसेल तर तो अंगाचा सैलपणा नाही, शेकाने जात नाही. डॉक्टरला दाखवा, आणि मागची जागा तपासली का, हे तोंडाने विचारा.

माझं झालं ते झालं. पण धाकटी बहीण मीरा गरोदर राहिली, तिचंही पहिलंच, म्हणजे माहेरीच, म्हणजे त्याच रुग्णालयात. मी नांदेडला आणा म्हणून भांडले. आई ऐकेना. "आणि मीराला तुझं काही सांगू नको. घाबरंल लेकरू." मी सांगितलं, सगळं सांगितलं. मीरा घाबरली. पण मग म्हणाली, "मग माझ्यासंगं कुणीतरी आत पाहिजे."

बाळंतिणीजवळ एक बाई आत थांबू शकते, हा सरकारचाच नियम आहे. मीराला कळा सुरू झाल्या तेव्हा मी माहेरीच होते. हा नियम मी दारावरच्या मावशीला सांगितला, तिने ऐकला नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगितला. ते तरुण होते, कंटाळलेले होते, पण म्हणाले, "एकीलाच सोडतो. गोंधळ घालायचा नाही." मी चप्पल काढून तयारच होते. मीरा म्हणाली, "आईला येऊ दे."

मला राग आला. आई आत जाऊन गप्प उभी राहणार, वर ओटीची तयारी करणार, याची मला खात्री होती. दार लागलं. मी बाकावर बसले आणि चापटीचा आवाज येतो का, तेवढंच ऐकत राहिले. सिस्टर मोठ्याने बोलली ते ऐकू आलं. मग आईचा आवाज आला, शेतात हाक मारायचा तोच.

"हात न्हाई लावायचा बाई. तोंडानं सांगा, ऐकती ती."

मग बराच वेळ नुसत्या मीराच्या कळा. मग बाळ रडलं.

आई बाहेर आली. मुलगा की मुलगी ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "मीरा?" एवढंच म्हणाले. "बरी हाय. डॉक्टरनं मागची जागाबी तपासली, मी सांगितलं तपासा म्हणून." ती माझ्या शेजारी बसली. लुगडं गुडघ्यावर ओढून घेतलं.

"तुझ्या जन्माच्या येळंला माझ्या मांड्या काळ्यानिळ्या झाल्त्या," ती म्हणाली. "मी कुणालाच न्हाई सांगितलं. मला वाटायचं, मलाच नीट बाळंत होता येईना, म्हणून मारायलेत."