कोरलेला धुरा

तमाम नातलग, हितचिंतक आणि बांधावरून भांडणारे समस्त शेतकरी यांना जाहीर कळवण्यात येते की, आमच्या घराण्याचा धुरा हा मुळात धुरा नव्हताच.

कुहीकडच्या आमच्या शेतात मातीचा एक लांबलचक उंचवटा आहे. पुरुषभर उंच, सरळ पुढच्या गावाच्या शिवारात गेलेला. वाटणीत अलीकडचं रान बाबांना आलं, पलीकडचं मोठेबाबांना, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाला. उंचवटा मधोमध, म्हणून तो धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध. दोघेही दरसाल आपापल्या बाजूने तो वीतभर कोरायचे आणि दुसऱ्याने जास्त कोरला म्हणायचे. एकदा कुदळी उगारल्या गेल्या. त्या दिवसापासून बोलणं बंद.

म्हणजे थेट बंद. बैलांमार्फत चालू होतं. बाबा आपल्या बैलाला मोठ्याने सांगत, "ढवळ्या, काही लोकाईले धुरा खाल्ल्याबिगर भाकर पचत नाही गा." पलीकडून मोठेबाबा स्वतःच्या बैलाला उत्तर ऐकवत. या दोघांच्या नकला करून मी नागपुरात कितीतरी पंगती हसवल्या आहेत. पुढे बैल विकले, ट्रॅक्टर आले, आणि तेवढंही संपलं. मोठेबाबा गेले तेव्हा बाबा धुऱ्यापर्यंत चालत गेले आणि तिथूनच परतले. ती नक्कल मी कधी केली नाही.

यंदा उन्हाळ्यात जुन्या वस्त्यांचा शोध घेणाऱ्या एक बाई आल्या. धुऱ्याच्या कडेकडेने चालत चालत नेमक्या कोरलेल्या जागी थांबल्या. तिथे काळ्या मातीत पिवळे, पिवळ्या मातीत काळे, टोपलीएवढे डाग दिसत होते. त्या म्हणाल्या, हा माणसांनी टोपल्या वाहून रचलेला तट आहे. या भागात लिहिणं-वाचणं यायच्याही आधीचा असावा. शत्रूला अडवायला, की नुसतं आमचं-तुमचं दाखवायला, ते सांगता येत नाही. मग त्यांनी कौतुकाने विचारलं, इतका स्वच्छ काप कोणी घेतला?

असली संधी मी सोडतो थोडाच. बाबांकडे बोट दाखवायला वळलो, तर ते धुऱ्यावर चढून उभे होते. पलीकडच्या रिकाम्या रानाकडे बघत ते एकदम मोठ्याने बोलले,

"दादा, हा आपल्या दोघाईचाबी नोहता गा."